शास्त्रीय गायन आणि जहाज

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. स्टाफरूममध्ये चहा यायला उशीर होतो, तेवढ्यात कुणीतरी एक सांगतं. तो ऐकून शेजारच्याला दुसरा आठवतो. चहा येतो तेव्हा तासाची घंटा होऊन गेलेली असते आणि तिसरा किस्सा अर्धाच राहिलेला असतो. अशी वर्षं गेली की नोकरी संपते आणि अर्धे राहिलेले किस्से तेवढे आपल्याबरोबर घरी येतात.

मी उमरग्याच्या कॉलेजात तबला शिकवत होते. आता आमच्या विभागाच्या खोलीत कॉम्प्युटर मांडलेत म्हणे. परवा बाजारात एक जुनी विद्यार्थिनी भेटली. कडेवर पोर, हातात भाजीची पिशवी. म्हणाली, "मॅडम, बिराजदार सर आणि दीक्षित बाई एकत्र बसायचे, ते आमी घरी सांगतो तर कुणाला खरंच वाटत न्हाय."

खरं होतं. सांगते.

*

आमच्या विभागात शिक्षक दोनच. विभागप्रमुख दीक्षित बाई आणि मी. बाई तुळजापूरच्या, पुजाऱ्यांच्या घरातल्या. ख्याल गायच्या. आवाज असा की काळी पाचमध्ये तानपुरा लावून वरच्या षड्जावर थांबल्या की व्हरांड्यातली माणसं चालायची थांबायची. स्वभाव कडक. वर्गात उशिरा आलेल्या मुलीला त्या रागवायच्या नाहीत, नुसतं गाणं थांबवून बघायच्या. त्यापेक्षा रागावलेलं परवडलं असतं.

बिराजदार सर कॉलेजचे क्रीडा संचालक. कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या खेड्यातले. घरात कानडी, बाहेर मराठी आणि मैदानावर शिट्टी. त्याआधी फौजेच्या बँडमध्ये होते, एवढं ऐकून माहीत होतं. एका वर्षी क्रीडा महोत्सवात संचलनाच्या ऐन वेळी टेप बंद पडला. सर मोटरसायकलवर घरी गेले, एक काळी पेटी घेऊन आले, तिच्यातून ट्रम्पेट काढलं आणि सगळं संचलन स्वतःच वाजवलं. प्राचार्यांनी भाषणात त्यांचं कौतुक केलं. तेवढ्यावर विषय संपला असता.

पण संध्याकाळी बक्षिसं वाटून झाली, मांडव सुटायला लागला, आणि सर मैदानाच्या कडेला रोलरवर बसून एकटेच काहीतरी संथ वाजवायला लागले. वर आमच्या खोलीत बाई मुलींना पूरिया राग सांगत होत्या. त्या मधेच थांबल्या. मला वाटलं, आता खिडकी लावायला सांगतात. त्या म्हणाल्या, "शैला, त्यांना वर बोलाव."

सर घाम पुसत आले. दारातच म्हणाले, "तरास झाला का बाई? बंद करतो."

"काय वाजवत होतात?"

"जॅझ म्हणतेत त्याला. फौजेत आमच्या बँडमास्तरनं शिकवलं."

"लिहिलेलं असतं?"

"चाल लिहिलेली असतीय. पुढचं आपलं आपण. मनात येईल तसं."

"त्याला आमच्याकडं बढत म्हणतात," बाई म्हणाल्या. "पण तुमचा गंधार चुकतोय. शुद्ध नाही आणि कोमलही नाही. दोन्हीच्या मधे कुठंतरी आहे."

सर अगदी नम्रपणे म्हणाले, "तिथंच ऱ्हातोय तो, बाई."

मुलींनी माना खाली घातल्या. मीही तबल्याची हातोडी शोधायला लागले. बाईंनी समोरच्या मुलीकडून तानपुरा स्वतःकडं घेतला आणि म्हणाल्या, "बसा. पुन्हा वाजवा. कुठं राहतो ते बघू."

*

त्यानंतर सर दुपारचे तास संपले की वर यायला लागले. आमच्या खोलीच्या बरोबर खाली रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. आठवडाही गेला नसेल, शेख सर अंगातला पांढरा ॲप्रन तसाच ठेवून जिना चढून आले.

"बाई, माफ करा," ते म्हणाले, "पण खाली माझी पोरं थेंब थेंब मोजून द्रावण सोडायलीत. वरून हे शिंग वाजलं की दचकतेत आणि अर्धी ब्युरेट एकदम रिकामी. फिक्कट गुलाबी व्हायला पाहिजे ते पार जांभळं व्हायलंय."

बाईंना ओशाळल्यासारखं झालं. त्या म्हणाल्या, प्रॅक्टिकल असेल त्या दिवशी आम्ही थांबू. शेख सर जायला वळले, दारापर्यंत गेले आणि तिथंच उभे राहिले.

"आता आलोच हाय तर एक बोलू का? मघाशी जे चाललं होतं ना, त्याला खालून आधार पाहिजे. नुसतं हवेत लोंबकळायलंय."

दुसऱ्या दिवशी ते गिटार घेऊन आले. हैदराबादला शिकायला होते तेव्हा हॉस्टेलात वाजवायचे. लग्न झाल्यापासून माळ्यावर होती म्हणे. तक्रार करायला आलेला माणूस असा आमच्यात सामील झाला, आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी पोरांनी काय केलं ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

बाई आणि त्यांचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. गिटारवर स्वरांची घरं पक्की, पट्ट्या ठोकलेल्या. बाईंना हवा असलेला स्वर बऱ्याचदा कुठल्याच घरात नसायचा. एकदा त्या अडूनच बसल्या. "जरा खाली घ्या. अजून जरा." शेख सर म्हणाले, "बाई, खाली भिंत हाय." बाई म्हणाल्या, "मग भिंतीतून आणा." शेख सरांनी खालच्या घरात बोट ठेवलं, तार ओढत ओढत वर आणली, आणि एका क्षणी तो स्वर खरंच लागला. बाईंनी डोळे मिटून मान हलवली. तेवढ्यात तार तुटली.

शेख सर तुटलेल्या तारेकडं बघत म्हणाले, "गंधार आया था, बाई. ठैरा नहीं."

दीक्षित बाईंना मोठ्यानं हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

*

माझी पंचाईत वेगळी होती. मी तीनताल धरला की समेवर मी वेळेवर यायची आणि बिराजदार सर अजून वाटेत असायचे.

"सर, तुम्ही मागं राहताय."

"मागं न्हाय मॅडम. आरामात हाय."

"पण मात्रा तर सारख्या पाहिजेत ना?"

"मात्रा सारख्याच हायत. पाय जरा वडत टाकायचा."

मला काही कळेना. माझे गुरुजी भूमचे. लय जरा हलली की मांडीवर चापट बसायची. पाय ओढत टाकायचा म्हणजे काय, ते माझ्या हाताला कुणी शिकवलंच नव्हतं. बरेच दिवस असंच गेलं. मी चिडायची, सर शांतपणे पुन्हा वाजवायचे.

एका संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर बिराजदार सर आणि मी फाटकातून बाहेर पडत होतो. समोर हैदराबादचा हायवे. उसाचा हंगाम होता. एक ट्रॅक्टर आला, त्याच्यामागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. सरांनी माझा हात धरून मला थांबवलं.

"बघा. ट्रॅक्टर सरळ चाललाय का?"

"चाललाय."

"मागची ट्रॉली?"

मागची ट्रॉली जरा उशिरा डावीकडं जात होती, जरा उशिरा उजवीकडं. वाटायचं आता कलंडते. कलंडत नव्हती. ट्रॅक्टरला धरून, पण आपल्या मर्जीनं येत होती.

"तुमी ट्रॅक्टर," सर म्हणाले, "आन् मी मागची ट्रॉली. तुमी सरळ चला. मी पडत न्हाय."

दुसऱ्या दिवशी बसलो आणि पहिल्याच आवर्तनात जमलं. बाई म्हणाल्या, "हे कुठं शिकलीस?" मी म्हणाले, "हायवेवर." त्यांना वाटलं मी उद्धटपणा करतेय. दोन दिवस बोलल्या नाहीत.

*

स्नेहसंमेलनाच्या आदल्या संध्याकाळी प्राध्यापकांची मैफल व्हायची, ही कॉलेजची जुनी रीत. बाई गायच्या, मी साथ करायची, पुढच्या रांगेत प्राध्यापक मंडळी आणि मागं मुलं, ती हळूहळू कमी होत जायची. त्या वर्षी प्राचार्य म्हणाले, "तुमचं वर काय चाललंय ते ऐकतोय मी. यंदा फ्युजन करा. मुलं बसतील तरी."

बाई म्हणाल्या, "मला फक्त फ्यूज उडतो तो माहीत आहे. पण बिराजदारांबरोबर गाईन."

त्यांचं निवृत्तीपूर्वीचं ते शेवटचं वर्ष. दिवाळीनंतर तयारीला लागायचं ठरलं. राग बाईंनीच निवडला, जोग. त्यात दोन्ही गंधार येतात, म्हणजे सरांच्या त्या मधल्या गंधाराला शेजार बरा मिळेल, असं त्या म्हणाल्या.

आणि दिवाळीच्या सुटीत बाईंच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉईडची. सोलापूरला ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, जीव वाचला, आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पण बाई परत आल्या तेव्हा आवाज फाटका येत होता. बोलताना मधेच हवा निघून जायची. डॉक्टर म्हणाले होते, सुधारेल थोडाफार, पूर्वीसारखा नाही.

त्या रोज कॉलेजात यायच्या. मुलींना पेटीवर स्वर दाखवायच्या, पण तोंडानं एक स्वर काढायच्या नाहीत. तानपुरा गवसणीत घालून त्यांनी कोपऱ्यात उभा करायला लावला. मैफलीचं मी विचारलं, तर म्हणाल्या, "तुम्ही तिघं वाजवा. मी निवेदन लिहून देईन, कुणालातरी वाचू दे."

बिराजदार सरांना हे सांगितलं. समजूत घालणं त्यांना जमायचं नाही. पोराचा पाय मुरगळला तरी ते शेजारी बसून नुसते बूट सोडायचे.

दुसऱ्या दिवशी बाई वह्या तपासत बसल्या होत्या. सर आले, कोपऱ्यात बसले आणि वाजवायला लागले. पण आवाज ट्रम्पेटचा नव्हताच. दबलेला, घोगरा, जणू कुणी माणूस ताप भरलेला असताना बोलतोय. बाईंनी मान वर केली. सरांनी ट्रम्पेटच्या तोंडात स्टीलचा पेला अडकवला होता.

"हे काय घातलंय?"

"पेला. मेसमधला. जॅझवाले मुद्दाम घालतेत. आवाज बसवायला."

"मुद्दाम?"

"व्हय. चांगला आवाज असतोय, तरी बसवून घेतेत. काही काही गोष्टी मोकळ्या आवाजात सांगताच येत न्हाईत म्हणं."

सर तसंच वाजवत राहिले. जोगच होता, आमच्या बंदिशीची सुरुवात. बऱ्याच वेळानं, मान खाली घालून, वहीवरचा हात तसाच ठेवून, बाईंनी खालच्या सप्तकात एक स्वर लावला. फाटका होता. थरथरत होता. पण जिथं लागायचा तिथं लागला.

सरांनी थांबून बघितलं नाही, शाबासकी दिली नाही. पुढची ओळ वाजवली.

त्या रात्री मी घरी एक गोष्ट काढून पुसली. माझ्याकडं मोठ्या तोंडाचा एक तबला होता. खालच्या पट्टीचा. बाहेरचे पुरुष गायक आले की तोच काढायची. दुसऱ्या दिवशी तो घेऊन खोलीत गेले आणि बाईंसमोर ठेवला. त्यांनी ओळखला. बराच वेळ त्यावर हात ठेवून बसल्या.

"कुठली पट्टी?" त्यांनी विचारलं.

"पांढरी चार."

"एवढी खाली?"

"हो."

"लाव," त्या म्हणाल्या.

*

मैफलीच्या फलकाचा किस्सा सगळ्या उमरग्याला माहीत आहे, तरी सांगते. मजकूर प्राचार्यांनी फोनवरून दिला. मजकूर होता, 'शास्त्रीय गायन आणि जॅझ'. फ्लेक्सवाल्यानं ऐकला, त्याला वाटलं साहेबांची जीभ अडखळली, आणि त्यानं आपल्या समजुतीनं दुरुस्त करून छापला. सकाळी कॉलेजच्या फाटकावर दहा फुटी फलक लागला: 'शास्त्रीय गायन आणि जहाज'. शेजारी त्यानं स्वखुशीनं एका जहाजाचं चित्रही टाकलं होतं. वर सगळ्यात मोठा फोटो प्राचार्यांचा.

प्राचार्य फलक उतरवायला निघाले. शेख सर म्हणाले, "राहू द्या सर. समुद्र इथनं लई लांब हाय, लोक बघायला तरी येतील."

आणि खरंच आले. हायवेवरच्या दुकानांतले व्यापारी आले, ट्रक लावून दोन-तीन ड्रायव्हर आले. एक पटकेवाले आजोबा नातवाला घेऊन आले होते, ते शेवटपर्यंत बसले. जाताना मला म्हणाले, "गाणं चांगलं झालं ताई. जहाज उद्या हाय का?"

*

आता मैफलीचं.

बाईंचे थोरले भाऊ, अण्णा, तुळजापूरहून आले होते. बाईंना पहिला राग शिकवला तो अण्णांनीच. ऑपरेशननंतर बाई त्यांच्यासमोर कधी गायल्या नव्हत्या. घरी गेल्या तर गाण्याचा विषय टाळायच्या. मैफलीचं त्यांनी अण्णांना कळवलंही नव्हतं. कुणाकडून तरी त्यांना कळलं, आणि ते धुतलेलं धोतर नेसून, काठी टेकत पहिल्या रांगेत मधोमध येऊन बसले.

पडद्याच्या फटीतून बाईंनी ते बघितलं. मला म्हणाल्या, "शैला, मी नाही बसत."

बिराजदार सर शेजारी ट्रम्पेट पुसत होते. म्हणाले, "बाई, तुमी नुसत्या मधे बसा. गाऊ नका. आमी वाजवतो."

एवढ्यावर त्या आल्या. पडदा उघडला. तानपुरा सुरू झाला, शेख सरांनी खालचा आधार धरला, सरांनी मोकळ्या ट्रम्पेटवर जोग सुरू केला आणि सगळं सभागृह भरून गेलं. बाई डोळे मिटून बसल्या होत्या. मग त्यांनीच मला खूण केली आणि आलाप सुरू केला. माईकमुळं तो घोगरा आवाज जवळून येत होता, कानाशी आल्यासारखा. मुलं गप्प झाली.

बंदिश रंगात आली आणि वीज गेली. उमरग्यात त्याचं कुणाला नवल नाही. खिडक्यांतून संध्याकाळचा उजेड होता, दिसत होतं सगळं. पण माईक गेला, आणि बाईंचा आवाज पहिल्या रांगेपुढं पोचेना. ट्रम्पेट मात्र तसंच. एक फुंकर मारली की बाईंचा आवाज बुडालाच.

मी बाईंकडं बघितलं. त्या आता थांबणार, हे दिसत होतं.

पेला वर खोलीतच राहिला होता. बिराजदार सर उठले. वाजवता वाजवताच उठले, स्टेजच्या मागच्या भिंतीपाशी गेले आणि सगळ्यांकडं पाठ करून, ट्रम्पेटचं तोंड मागच्या जाड पडद्यात खुपसून वाजवायला लागले. आवाज एकदम लांब गेला. मळ्यापलीकडून येतो तसा. मी तबल्यावरचा शाईचा काळा गोल सोडून नुसत्या बोटांच्या टोकांनी किनारीवर ठेका धरला. शेख सरांनी गिटारवर हात जवळजवळ ठेवलाच नाही. आणि त्या सगळ्याच्या वर बाईंचा तो फाटका आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. पोरं श्वास धरून ऐकत होती. मागून कुणीतरी ओरडलं, "सर, इकडं तोंड करा की." त्याच्या शेजारच्यानंच त्याला गप्प केलं.

शेवटपर्यंत सर पडद्याकडं तोंड करून उभे होते. टाळ्या पडल्या त्याही त्यांनी पाठीवरच घेतल्या.

नंतर अण्णा काठी टेकत मागं आले. बाई लहान मुलीसारख्या उभ्या राहिल्या. अण्णांनी विचारलं, "जोग होता?"

"सुरुवातीला होता, अण्णा."

"मग पुढं?"

"पुढं काय होतं ते मलाही माहीत नाही."

अण्णांनी थोडा विचार केला. म्हणाले, "सकाळी घरी ये. मला पुन्हा ऐकव. नाव नंतर ठेवू."

*

त्या मैफलीनंतर आम्हाला एकच आमंत्रण आलं, ते भूमच्या कॉलेजचं. भूम माझं माहेर. माझी आई पहिल्यांदाच मला स्टेजवर बघणार होती. लहानपणी मी तबला शिकते म्हणून तिला शेजारणी विचारायच्या, "पोरगी तबला वाजवायली, मग गाणार कोण?" ती त्यांना म्हणायची, "गाणारे लई हायत. धरणारं कुणीतरी पाहिजे की."

कार्यक्रम झाला. लोक बिराजदार सरांभोवती जमले, ट्रम्पेटला हात लावून बघत होते. मी आईपाशी गेले. "कसं झालं?"

आई म्हणाली, "त्या शिंगवाल्यापुढं तुझं काही ऐकूच आलं न्हाय बघ."

मी वळून तबले उचलायला निघाले.

"पण तुझी मान हालत होती," ती म्हणाली. "त्यावरनं कळलं, चांगलं चाललंय."

*

बाई निवृत्त होऊन तुळजापूरला गेल्या. शेख सरांची मुलं त्यांना पुण्याला घेऊन गेली. बिराजदार सर आपल्या खेड्यात शेतीला लागले. मग त्यांना हृदयाचा त्रास झाला, बायपास करावी लागली. ट्रम्पेट वाजवायचं नाही, छातीवर ताण येतो, असं डॉक्टरांनी बजावलं. बाई तेव्हा दवाखान्यात आल्या होत्या. डॉक्टर हे सांगत होते तेव्हा त्या सरांच्या पायाशी उभ्या होत्या, मी शेजारी.

मागच्या वर्षी मी सरांना भेटायला गेले. दिवस मावळायला आला होता. आम्ही गोठ्यापुढच्या पत्र्याखाली बाजेवर बसलो होतो. सर वाळले होते, पण मिशा तशाच. त्यांच्या बायकोनं आतून कानडीत काहीतरी विचारलं, सरांनी कानडीतच उत्तर दिलं. मला म्हणाले, "तिला वाटतंय तुमी जेवून जावं."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सरांनी हात धोतराला पुसले, फोन उचलला, मोठा आवाज लावला आणि आमच्या दोघांच्या मधे बाजेवर ठेवला. हॅलो म्हणाले नाहीत. पलीकडूनही कुणी हॅलो म्हणालं नाही. फोनमधून तानपुरा यायला लागला.

मग बाईंचा आवाज आला. आणखी खाली गेलेला, आणखी फाटलेला. जोगच होता. त्यांनी सावकाश एक ओळ घेतली, फिरवली, खाली आणून सोडली आणि थांबल्या.

मला वाटलं, दम लागला असेल. पण तानपुरा चालूच होता. सर ताठ बसले होते. समोर बघत होते. उजव्या हाताची तीन बोटं, ट्रम्पेटच्या तीन कळांवर असावीत तशी, गुडघ्यावर आळीपाळीनं दाबली जात होती. एवढंच. बाकी गोठ्यात म्हैस रवंथ करत होती, तिचा आवाज.

एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. माझा हात आपोआप बाजेच्या कडेच्या लाकडावर लागला होता. मी समेवर आले, आणि त्याच क्षणी फोनमधून बाई आल्या. पुढची ओळ. मग पुन्हा थांबल्या. पुन्हा सरांची बोटं.

बराच वेळ असं चाललं. अंधारलं. सरांच्या बायकोनं येऊन दिवा लावला आणि काही न बोलता आत गेली.

शेवटी बाईंनी षड्जावर आणून सोडलं. तानपुरा थांबला. थोड्या वेळानं बाई म्हणाल्या, "आज बरं वाजलं तुमचं."

"व्हय बाई," सर म्हणाले. "शेवटी जरा दम लागला."